रिलॅक्सर सोडून चौदा महिने झालेले केस: लग्नाच्या दिवशी कसे बांधावेत?

निशिगंध

माझ्या थोरल्या भावाचे लग्न येत्या जूनच्या दुसऱ्या शनिवारी, जॉर्जियातील सव्हाना येथे, दुपारी चार वाजता उघड्या बागेत होणार आहे. होणारी वहिनी त्याच शहरातल्या कृष्णवर्णीय अमेरिकन कुटुंबातली असून वयाच्या अकराव्या वर्षापासून ती केस सरळ राहावेत म्हणून रिलॅक्सर हे रसायन लावत आली होती. १४ महिन्यांपूर्वी तिने तो कायमचा बंद केला. मात्र सगळे जुने केस एकदम कापून टाकण्याचा मार्ग, ज्याला तिकडे बिग चॉप म्हणतात, तो तिला नको होता, म्हणून सरळ टोके थोडी थोडी छाटत ती नैसर्गिक केस वाढवत आहे. त्यामुळे आज तिच्या डोक्यावर दोन वेगळ्या माणसांचे वाटावेत असे केस आहेत. मुळाकडचे नवे केस घट्ट, बारीक स्प्रिंगसारखे वळलेले आहेत. ताणून धरले तर ते १७ सेंटिमीटर भरतात आणि सोडले की आखडून पाच-सहा सेंटिमीटरवर येतात. त्यांच्यापुढे जवळजवळ तेवढ्याच लांबीची, अगदी सरळ आणि पातळ टोके लोंबतात.

लग्नात केस मोकळे दिसावेत या इच्छेने आम्ही घरी ट्विस्ट-आउट करून पाहिले. रात्री दोन-दोन बटांचे पीळ घातले आणि सकाळी सोडले, तेव्हा वरचा भाग ढगासारखा फुलला आणि खाली सरळ टोके सुतळीच्या दशांसारखी लोंबत राहिली. याहून मोठी काळजी अशी, की जिथे नवा केस संपून जुना सुरू होतो नेमक्या त्याच जागी केस तुटतात. गेल्या आठवड्यात विंचरताना कंगव्यात आलेले तुकडे मी स्वतः पाहिले आणि ते सगळे एकाच लांबीचे होते.

तिच्या अटी थोड्या आहेत, पण पक्क्या आहेत. पुन्हा रिलॅक्सर लावायचा नाही, विग घालायचा नाही (तिच्या आईचा आणि दोन मावश्यांचा विगसाठी आग्रह सुरू आहे) आणि लग्नाआधी केस आखूड करायचे नाहीत. डोक्यावर कंगव्याने अडकवायचा लांब व्हेल, म्हणजे नववधूची पातळ ओढणी, आहे. तिची नेहमीची केशरचनाकार गाव सोडून गेली आहे. या मंचावर अशा केसांची निगा रोज घरी राखणारे आणि या व्यवसायात असलेले सदस्य आहेत, हे जुन्या चर्चांवरून ठाऊक असल्यामुळे विचारते: कोणती रचना टिकेल, तयारी केव्हापासून करावी आणि सव्हानाच्या जूनमधल्या दमट हवेत काय सांभाळावे?

उंबरठा

माझे यजमान कृष्णवर्णीय अमेरिकन आहेत आणि आमच्या दोन्ही मुलींचे केस तुम्ही वर्णन केलेत तसेच आहेत, त्यामुळे गेली बारा वर्षे आमच्या घरचा रविवार हा केस धुण्याचा वार असतो. माझ्या नणंदेने रिलॅक्सर सोडला तेव्हा मी तिच्या सोबतीला होते, म्हणून हे थोडे विस्ताराने लिहीत आहे.

कंगव्यातले तुकडे एकाच लांबीचे होते, हे तुम्ही फार नेमके पाहिलेत. नवा आणि जुना केस जिथे मिळतात ती रेषा हीच अशा केसांतली सर्वांत कमकुवत जागा असते. वरचा केस आखडतो, खालचा आखडत नाही. वरचा कोरडा पडला की खालच्यात अडकतो आणि ओढ बसली की जोडावरच तुटतो. म्हणून लग्नापर्यंत कोरडे केस विंचरणे पूर्ण बंद करावे, ही माझी पहिली विनंती आहे. केसांचे सहा-आठ भाग करून प्रत्येकाला चिमटा लावावा, भाग पाण्याने आणि भरपूर कंडिशनरने भिजवावा आणि जोडाची जागाच मुठीत घट्ट धरून आधी टोकांचा गुंता बोटांनी सोडवावा, मग रुंद दात्यांचा कंगवा टोकाकडून मुळाकडे सरकत न्यावा. मूठ धरल्यामुळे कंगव्याची ओढ जोडापर्यंत पोहोचत नाही. भाग सुटला की लगेच त्याचा सैल पीळ घालून ठेवावा, नाहीतर दुसऱ्या बाजूचे काम होईपर्यंत पहिल्या बाजूचा गुंता परत तयार असतो. आमच्याकडे या कामाला दोन तास लागतात आणि घाई केली की तीन.

तुमचा ट्विस्ट-आउट फसला, त्यात तुमचा दोष नाही. पीळ सोडल्यावर नवा केस आपले वळण दाखवतो, पण रिलॅक्सर लावलेल्या टोकाला स्वतःचे वळण उरलेलेच नसते. निदान पिळाचे शेवटचे दोन-तीन इंच छोट्या पर्म रॉडवर, म्हणजे केस गुंडाळायच्या नळीवर, गुंडाळून वाळवले असते, तर टोकांनाही वळण मिळाले असते आणि दोन पोतांतला फरक बराच झाकला गेला असता.

शिसपेन्सिल

मला या विषयातले फारसे ज्ञान नाही, तरी एक शंका विचारतो. खालचे केस सरळ आहेतच, तर वरचेही एका दिवसापुरते इस्त्रीने सरळ करून घेतले तर प्रश्नच मिटणार नाही का? माझ्या बहिणीने लग्नाआधी केरॅटिन, म्हणजे केस सरळ करण्याचा उपचार, करून घेतले होते आणि तिचे केस चार महिने सुंदर राहिले होते.

फणी

मी अटलांटा येथे गेली अकरा वर्षे परवानाधारक केशरचनाकार म्हणून काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक स्त्रिया कृष्णवर्णीय आहेत. शिसपेन्सिल यांची शंका मला खुर्चीत बसलेल्या निम्म्या नववधू विचारतात, म्हणून आधी तिचे उत्तर देते.

इस्त्रीने केस सरळ करण्याच्या ज्या पद्धतीला आम्ही सिल्क प्रेस म्हणतो, ती निरोगी केसांवर, कोरड्या हवेत आणि सवयीच्या हातांनी केली तर छान दिसते. इथे तिन्ही गोष्टी विरोधात आहेत. सव्हाना समुद्राच्या जवळ आहे आणि जूनमधल्या दुपारी चार वाजता तिथे घामानेच मुळे ओली होतात. समारंभ संपण्याच्या आत मुळाकडचे केस पुन्हा आखडू लागतील आणि मग फोटोंत वर फुगीर, खाली सरळ असे तेच चित्र उमटेल, जे टाळण्यासाठी इस्त्री केली होती. त्यातच, जास्त उष्णतेने नव्या केसांचे वळण कायमचे बिघडू शकते. १४ महिने जपलेले केस एका दुपारसाठी पणाला लावावेत, असे मला वाटत नाही. केरॅटिन म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक मिश्रणांतून इस्त्री फिरवताना फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडतो आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच त्याला मानवात कर्करोग घडवणारा पदार्थ ठरवले आहे. मी माझ्या दुकानात ते करतच नाही.

आता मूळ प्रश्न. निशिगंधताई, तुम्ही दोघी वरच्या आणि खालच्या केसांचा मेळ घालण्याच्या मागे लागला आहात. माझा सल्ला आहे, की मेळ घालूच नका. वरचे केस दाखवा आणि खालचे आत घ्या. कपाळापासून माथ्यापर्यंत सहा किंवा सात तिरके फ्लॅट ट्विस्ट घालावेत, म्हणजे बट डोक्याला चिकटून पिळत मागे न्यावी. मागचे सगळे केस मानेच्या वर गोळा करून त्यांचा सैल, गुंडाळलेला अंबाडा करावा आणि गुंडाळताना सरळ टोके आत दडपत जावीत. ज्या टोकांची वहिनींना लाज वाटते, तीच त्या अंबाड्याचा भराव होतात. वरून दिसतो तो फक्त नवा, वळणदार केस. अंबाडा बारीक वाटला तर कुरळ्या पोताचे कृत्रिम केस, ज्यांना मार्ली हेअर म्हणतात, ते आत घालता येतात, पण ते घालायचे की नाही हा त्यांचा प्रश्न आहे.

मोकळ्या केसांची हौस असेल तर माथ्याच्या मध्यावरच्या दहा-बारा बटा पर्म रॉडवर वाळवून अंबाड्याच्या वर सोडता येतील. रॉड लावताना बट रॉडच्या रुंदीपेक्षा जाड घेऊ नये, मूस लावून ती गुळगुळीत विंचरावी आणि टोकाला पातळ कागदाची घडी घालून मगच गुंडाळायला सुरुवात करावी. कागद वगळला तर सरळ टोक रॉडवर दुमडते आणि सोडल्यावर गळासारखे वाकडे उभे राहते. टोकांसाठी रॉड पेन्सिलीएवढा बारीकच हवा, कारण त्या केसांत वळण धरण्याची ताकद कमी असते. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे बट आतपर्यंत वाळलेली असली पाहिजे. मानेजवळचा एकच रॉड अर्धा सोडून तो केस वरच्या ओठाला लावून पाहावा. थंड लागला तर तो ओला आहे आणि बाकीच्या एकाही रॉडला हात लावू नये.

व्हेलबद्दल सांगायचे तर, मऊ केसांत कंगवा खोचला तर तो घसरणारच. माथ्यावर, अंबाड्याच्या थोडे पुढे, एका कानाकडून दुसऱ्या कानाच्या दिशेने जाणारी एक बोटभर लांब, घट्ट न ओढलेली कॉर्नरो वेणी, म्हणजे डोक्याला चिकटून घातलेली वेणी, घालून ठेवावी. कंगव्याचे दाते आधी कपाळाच्या दिशेने त्या वेणीखाली घालावेत, मग कंगवा मागे उलटवून आत सरकवावा आणि त्यावर दोन पिना फुलीसारख्या आडव्या-तिडव्या लावाव्यात. लग्नात नवरा-नवरीने झाडूवरून उडी मारण्याचा कृष्णवर्णीय अमेरिकन विधी असेल, तर रंगीत तालमीत खरोखर उडी मारून पाहा.

एक सूचना कपाळाजवळच्या कोवळ्या केसांसाठी. भुवया उंचावताना डोके दुखले किंवा मुळाशी बारीक पुटकुळ्या दिसल्या, तर रचना जास्त घट्ट आहे आणि ती तिथेच सोडून पुन्हा करावी; सौंदर्यासाठी सोसावे लागते, हे आमच्या व्यवसायातले सर्वांत महागडे खोटे आहे, कारण सतत ओढ बसून मागे हटलेली केसांची रेषा पुष्कळदा परत येत नाही.

केशरचनाकार शोधताना फलकावर काय लिहिले आहे, त्याकडे पाहू नका. अमेरिकेतल्या अनेक सौंदर्यशाळांनी अशा केसांचे शिक्षण वर्षानुवर्षे टाळले आहे. न्यूयॉर्क राज्याला त्यासाठी २०२३ मध्ये कायदा करावा लागला. म्हणून ‘ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे रिलॅक्सर सोडून नैसर्गिक वाढत असलेले, किती केस तुम्ही हाताळले आणि त्यांचे फोटो दाखवाल का’, असे स्पष्ट विचारावे आणि उत्तरात सिल्क प्रेसशिवाय काही ऐकू आले नाही तर आभार मानून निघावे.

रसायनी

फणीताईंच्या उत्तराला रसायनशास्त्राची थोडी जोड देतो, कारण त्यातून दमट हवेचे कोडे उलगडते. केसातील प्रथिनांचे धागे मुख्यतः दोन प्रकारच्या बंधांनी आकार धरतात. गंधकाचे डायसल्फाइड बंध भक्कम असतात आणि सोडियम हायड्रॉक्साइडसारखा १२ ते १४ सामू असलेला रिलॅक्सर तेच तोडून त्यांच्या जागी वेगळी जोडणी करतो, जी पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून वहिनींच्या टोकांना कोणत्याही तेलाने किंवा मलमाने जुने वळण परत मिळणार नाही. दुसरे हायड्रोजन बंध दुबळे असतात. ते पाण्याने सुटतात आणि केस वाळताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. पर्म रॉड, पीळ आणि इस्त्री हे सगळे या दुबळ्या बंधांचेच खेळ आहेत, त्यामुळे हवेतले बाष्प ते सगळेच मोडू शकते. फरक इतकाच, की इस्त्री मोडली तर सरळ केस आखडतो आणि डोळ्यांत भरतो. पीळ मोडला तर वळणदार केस थोडा अधिक फुलतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

यावरून एक व्यावहारिक सल्ला निघतो. त्या आठवड्यात वापरायच्या लीव्ह-इन (न धुता केसांतच ठेवायच्या) कंडिशनरच्या आणि जेलच्या घटकांत ग्लिसरीन पहिल्या चार-पाच नावांत असेल तर ती बाटली बाजूला ठेवावी, कारण ग्लिसरीन पाणी ओढून घेते आणि फार दमट हवेत ते केस फुगवते.

निशिगंध

सर्वांचे मनापासून आभार. हे सगळे मी वहिनीला इंग्रजीत वाचून दाखवले. ‘टोके अंबाड्याचा भराव होतात’ हे वाक्य तिने दोनदा ऐकले आणि तिच्या आईलाही ऐकवायला लावले. मार्ली हेअर तिने नाकारले. अंबाडा लहान दिसला तरी चालेल, पण तो तिच्याच केसांचा असला पाहिजे, असे ती म्हणाली. रिलॅक्सर सोडण्याचे कारणही तिने मला पहिल्यांदाच नीट सांगितले. २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पाहणीत, वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणारी रसायने वापरणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त आढळले होते आणि तिची एक आत्या त्याच आजाराने गेली होती. आत्याला तो कशामुळे झाला हे कोणी सांगू शकत नाही, हे ती जाणून आहे. पण बातमी वाचल्यापासून रिलॅक्सरचा डबा उघडताना तिचा हात थांबायचा.

काल आम्ही पहिली रंगीत तालीम केली आणि दोन गोष्टी बिघडल्या. कपाळाजवळचे केस बसवण्यासाठी जेलवर एज कंट्रोल लावले, तर अर्ध्या तासात फ्लॅट ट्विस्टवर कोंड्यासारखे पांढरे कण दिसू लागले. ओल्या फडक्याने पुसले, तर ते लगदा होऊन बटांत आणखी शिरले. दुसरे म्हणजे फणीताईंनी सांगितल्याप्रमाणे अंगणात झाडू आडवा टाकून वहिनीने उडी मारली. व्हेल जागेवर राहिला, पण खाली वाकताना अंबाड्याची उजवी बाजू सुटली आणि एक सरळ टोक शेपटीसारखे बाहेर आले. भाऊ त्या वेळी तिथेच होता आणि तो हसला, म्हणून दहा मिनिटे तालीम बंद होती.

चांगली गोष्ट ही, की पर्म रॉडच्या बटा संध्याकाळी आठपर्यंत अंगणात टिकल्या. त्या किंचित फुलल्या, आणि खरे सांगायचे तर सकाळपेक्षा अधिक शोभल्या.

उंबरठा

पांढरे कण कोंड्याचे नाहीत. दोन उत्पादने एकमेकांना मानवली नाहीत की असे होते. पुढच्या वेळी दोन्हींचा थेंब-थेंब हाताच्या मागच्या बाजूला घेऊन बोटाने चोळा आणि वाळू द्या. गोळ्या झाल्या तर ती जोडी केसांत जाता कामा नये. माझ्या घरी मोठ्या मुलीच्या शाळेच्या समारंभाच्या सकाळी हेच घडले आणि सगळे केस पुन्हा धुवावे लागले.

फणी

टोक निसटले, कारण बहुधा तुम्ही मागचे सगळे केस एकाच गुंडाळीत घेतलेत. त्यांचे डावा, मधला आणि उजवा असे तीन भाग करा. प्रत्येक भागाचा आधी पीळ घाला, पिळाचे टोक छोट्या रबराने बांधा, पण ते रबर नव्या-जुन्या केसांच्या जोडावर येऊ देऊ नका. मग मधला भाग पहिल्यांदा गुंडाळून पक्का करा आणि बाजूचे दोन त्याच्याभोवती विरुद्ध दिशांनी फिरवून टोके मधल्याच्या खाली खोचा. पिना सरळ न खोचता आधी बाहेरच्या दिशेने घालून, केसांची कड पकडून आत वळवायच्या असतात. तशी पिन उडीलाही दाद देत नाही.

वेळापत्रक असे ठेवा. सहा आठवडे आधी दोन-तीन सेंटिमीटर टोके छाटून घ्या. एवढ्याने लांबी जात नाही आणि दुभंगलेली टोके गेल्यामुळे गुंडाळी स्वच्छ बसते. प्रथिनांचा उपचार करायचा असेल तर दोन आठवडे आधी एकदाच करा, लग्नाच्या आठवड्यात नको, कारण त्याने केस कडक होऊन जोडावर मोडू शकतात. गुरुवारी केस धुऊन, खोल कंडिशनिंग करून मोठ्या सैल पिळांत वाळू द्या, म्हणजे ते ताणलेले राहतील. शुक्रवारी दुपारी फ्लॅट ट्विस्ट आणि रॉड लावा, हुडाच्या ड्रायरखाली पूर्ण वाळवा आणि रात्री सॅटिनचे बॉनेट, म्हणजे झोपताना घालायची सैल टोपी, घाला. शनिवारी सकाळी अंबाडा करा. रॉड मात्र कपडे घालून झाल्यावर, शेवटच्या तासात सोडा. हाताला दोन थेंब हलके तेल लावून सोडले तर बटा विस्कटत नाहीत.

मावश्या मिठी मारताना माथ्यावरून हात फिरवतील, त्यांना आधीच सांगून ठेवा. हे काम नववधूने करू नये. ते नणंदेचे आहे.

निशिगंध

सांगून ठेवते. मोठ्या मावशीला भावाकडून सांगावे लागेल, कारण ती माझे ऐकणार नाही. दुसरी तालीम येत्या रविवारी आहे. त्यात तीन भागांचा अंबाडा आणि व्हेल दोन्ही लावून वहिनी पुन्हा झाडूवरून उडी मारणार आहे. या वेळी भावाला बाजारात पाठवले आहे.